घराचा कागद वाचायला शिकवू या

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पगाराचा कागद कसा वाचावा, हे आम्ही तरुण कामगाराला शिकवले. कपात कोठे झाली ते तो आता बिनचूक सांगतो. पण हाच तरुण घर घ्यावयास निघाला, की रंगीत चित्रे पाहून सारी शिल्लक बिल्डरच्या हाती देऊन मोकळा होतो. हे कसे चालेल?

2016 च्या स्थावर संपदा कायद्यातील दोनच गोष्टी त्याला शिकवू या. पहिली, जागा चटई क्षेत्रावर मोजायची. आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, जिना येत नाहीत. दुसरी, महारेराच्या दफ्तरी नोंदलेल्या प्रकल्पात, लेखी करार नोंदविल्यावाचून किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे. 40 लाखांच्या घराला ही मर्यादा 4 लाखांची. त्यापुढे एक रुपया मागितला, तर ‘आधी करार नोंदवा’ असे म्हणण्याची हिंमत हवी.

ही हिंमत एकट्याला येत नाही. युनियनच्या कचेरीत महिन्यातून एक संध्याकाळ कराराचा नमुना घेऊन बसू या. एकाने मोठ्याने वाचावे, दहा जणांनी प्रश्न विचारावेत. सही त्यानंतर.