हातभर लांब चवळी

पारा पस्तिशीपलीकडे गेला की फरसबी फुलं गाळून बसते. लांब शेंगांच्या चवळीला मात्र ऊबदार हवाच मानवते, म्हणून केरळच्या परसांत तिचे मांडव दिसतात. केरळ कृषी विद्यापीठाची ‘लोला’ फिकट हिरवी, तर ‘वैजयंती’ चक्क गडद तांबडी!

बी टोकल्यापासून दीड-दोन महिन्यांत शेंगा जोडीजोडीने लोंबू लागतात. दाणे फुगण्याआधी, शेंग कट्कन मोडते तेव्हाच तोडायची. तोडणी लांबली की शेंग जून होते, आणि वेलही नवी फुलं धरायला कुरकुरतो.

युरियाचा मोह टाळलेलाच बरा. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. वरून जादा खत दिलं तर नुसता पाला माजतो. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावाही बसतो. वेलावर मुंग्यांची रांग चढताना दिसली, की शेंडा उलटून पाहावा.