रोल कॉलला वाटलेले फॉर्म

मानसशास्त्रात एम.ए. झालात. आता घरचे विचारतील, "पुढं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून माझ्याच गोष्टी सांगते.

माझा दवाखाना खडेबाजारात. शहापुरातल्या नव्हे, शहरातल्या. बेळगावात हे सांगावंच लागतं. सुरुवातीला लोक जिना चढताना मागं वळून बघायचे. "धारवाडला न्या याला" म्हटलं की आपल्याकडे पुढं काही बोलावं लागत नाही. 1845 पासून तिथं मनोरुग्णालय आहे. आज त्याची डिमहान्स ही मोठी संस्था झाली, तरी लोकांच्या तोंडातलं ते वाक्य जात नाही. त्यात पोलीस असला तर तो यायचा दवाखाना बंद व्हायच्या वेळेला, साध्या कपड्यात. केसपेपरवर नाव काय घालू विचारलं तर, "तुम्हीच कायतरी घाला की मॅडम."

असाच एक कॉन्स्टेबल आला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. गाडीचा नंबर एकदा बघितला की वर्षानं विचारा, बरोबर सांगणार. पण गणपती विसर्जनाच्या बंदोबस्तात आयत्या वेळी पॉइंट बदलला की हातपाय गार. पुढं डीजे, बाजूला ढोल, खांद्यावर वायरलेसची खरखर. "कान फुटल्यागत होतंय मॅडम, आणि तोंडातनं शब्दच निघत नाही." वरिष्ठ बोलताना त्यांच्या डोळ्यांत बघत नाही म्हणून उद्धटपणाचा मेमो मिळाला होता. त्याला ऑटिझम होता, आणि तोवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शाळेत 'घुम्या', खात्यात 'माजलेला'.

ध्यानात येणार कसं? आमच्या हातातली बहुतेक साधनं लहान मुलांसाठी बेतलेली. शिवाय डीएसएम या निदान-पुस्तिकेच्या नियमाप्रमाणे 2013 पर्यंत एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं देताच येत नसत. आम्ही तेच पाठ करून पास झालो, आणि ज्यांच्यात दोन्ही होतं त्यांना अर्धंच निदान देत राहिलो. आमच्या पिढीच्या पुस्तकांवर माझा राग आहे तो यासाठी.

दुसऱ्या एका शिपायाला डिस्लेक्सिया. निपाणीकडचा, घरात मराठी. फिर्यादी मराठीत सांगणार, जबाब लिहायचा कन्नडात. मराठीतच अक्षरं जागेवर राहात नाहीत, तिथं कन्नडाचं काय? सोबत्याला चहा-भजी चारून लिहून घ्यायचा आणि त्या बदल्यात त्याची रात्रपाळी करायचा. झोप उडाली, पित्त वाढलं, दारू लागली. तो आला तो दारू सोडवायला. वाचता येत नाही हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

या पोलीस पोरांना अक्षरांनी नाही, लपवण्यानं संपवलं. आणि ती लपवतात याला कारण आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही आहे. नोकरीत त्यांच्यासाठी राखीव जागाही आहेत. पण ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रानं आयपीएस आणि केंद्रीय सशस्त्र दलांतली लढाऊ पदं त्यातून वगळली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सांगितलं, की मानसिक आजाराशी निगडित वागणुकीवरून शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभाव होऊ शकतो. निकाल चांगला आहे. पण ठाण्यातला शिपाई दिल्लीचा निकाल वाचत नाही, साहेबाचा चेहरा वाचतो. इंग्लंडमध्ये 2015 साली पोलिसांनीच आपली ऑटिझम संघटना काढली. आपल्याकडे तो शब्द ठाण्यात उच्चारायचीही चोरी.

आणि संशोधन? एकदा मी एका प्रबंधाची बहिःस्थ परीक्षक होते. विद्यापीठाचं नाव घेत नाही, बेळगावचं नव्हे. विषय पोलिसांचा मानसिक ताण. प्रश्नावली सकाळच्या रोल कॉलला वाटलेली, साहेब समोर उभे. प्रत्येक कागदावर बक्कल नंबर. गोळा करायला हवालदार, आणि भरलेले फॉर्म रात्रभर साहेबांच्याच टेबलावर. निष्कर्ष काय, तर ताण अत्यल्प! 2019 च्या पोलीस-स्थिती अहवालात देशातल्या पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी 14 तासांचा निघाला होता, आणि इथं सगळे मजेत. मी खरमरीत शेरा लिहिला. पदवी मिळालीच, वर समारंभात शाल-श्रीफळ. चहाच्या वेळी मार्गदर्शक मला म्हणाले, "मॅडम, परवानगी मिळाली हेच खूप."

परवानगी साहेबाची घेतली, पण उत्तर द्यायचं होतं शिपायाला. त्याला कुणी विचारलं? ज्याला गर्दी सोसत नाही, अक्षर जमत नाही, तोच त्या कागदावर 'काही त्रास नाही' ही खूण सगळ्यात ठळक करतो. मग तुमच्या तक्त्यात तो निरोगी ठरतो, आणि खात्याला लेखी पुरावा मिळतो की आमच्याकडे असलं कुणी नाही. हे थांबवा. कागद वरिष्ठाच्या हाती पडणार नाही याची हमी देता येत नसेल तर प्रश्नच विचारू नका. विषय बदला, पदवी दोन वर्षं लांबवा, पण विचारू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तो पाळायचा म्हणजे फॉर्म घेऊन तुम्ही त्याच्याकडे जायचं, कामाच्या जागेपासून लांब, आणि ज्याला वाचणं जड जातं त्याला प्रश्न वाचून दाखवायचे, त्याच्या भाषेत. वेळ लागतो. नमुना लहान राहतो. राहू दे की.

मी अजून प्रबंध तपासते. तुमच्यातल्या कुणाचा माझ्याकडे आला तर तक्ते मी नंतर बघेन. आधी परिशिष्टातलं संमतिपत्र काढेन आणि फॉर्म कुणी गोळा केले ते शोधेन. सापडलं नाही, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच असेल. तयारीनं या.