बघणाऱ्यानं साक्ष द्यावी

(नगर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो, गोदीत माल उचलतो, कविता लिहितो. तुम्ही सिनेमावर बोलायला बोलावलंत म्हणून आमच्या टोळीतलं एक भांडण तुमच्यापुढं मांडतो. त्याचा निवाडा तुम्हीच करा.

आम्ही चौघं दोस्त नवा पिक्चर लागला की बघतो. पैसे असले तर थेटरात, नसले तर एका मोबाईलवर चार डोकी. मग रात्रपाळीत काम थांबलं की नंबर लावायचे. पहिला कुठला, दुसरा कुठला. कुठल्यातरी कागदाच्या पाठीवर यादी होते आणि पुढच्या महिन्यात खोडली जाते. पेपरवाल्यांचे स्टार आम्ही धरत नाही. ज्यानं वस्तीची गल्ली कधी तुडवली नाही त्यानं आमच्या जगण्याला साडेतीन स्टार द्यायचे आणि आम्ही ते मान खाली घालून घ्यायचे, हा धंदा आम्ही बंद केला.

एक जण म्हणतो, 'सैराट' एक नंबर. मराठी पिक्चर असा चालला नव्हता. दुसरा म्हणतो, 'फँड्री'. तिसरा म्हणतो, गोष्टीतले पिक्चर राहू द्या, 'जय भीम कॉम्रेड' बघा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली, शाहीर विलास घोगरेंनी गळफास लावून घेतला. तिथून आनंद पटवर्धननं चौदा वर्षं कॅमेरा चालू ठेवला. चौथ्याचा 'कोर्ट'. त्यात म्हाताऱ्या शाहिराला खटल्यात अडकवतात. ते काम वीरा साथीदारनं केलं. तो नागपूरचा चळवळीतला माणूस, २०२१ साली कोरोनात गेला. चौथा म्हणतो, वीरा ॲक्टिंग करतच नाही, नुसता उभा राहतो, आणि समोरचं न्यायालय उघडं पडतं.

आता ह्यात निवाडा कसा करायचा? पांढरपेशे म्हणतील, कलेच्या कसोटीवर. कला आम्हालाही कळते. पण आमची कसोटी साधी आहे. पिक्चरनं बघणाऱ्याला फुकटात सोडलं, की त्याला साक्षीला उभं केलं?

जुनं काढून बघा. १९३६ सालचा 'अछूत कन्या'. देविका राणीची कस्तुरी रेल्वेखाली मरते. ती मेली की प्रेक्षक डोळे पुसून मोकळा. १९५९ सालचा 'सुजाता'. बिमल रॉयनं मनापासून काढला, नूतननं जीव ओतला. पण त्या पोरीला घरात जागा कधी मिळते? आईला रक्त दिल्यावर. म्हणजे माणूस ठरायला आधी रक्त द्या! असल्या पिक्चरांनी दया शिकवली. दया स्वस्त असते, तिकिटाच्या पैशात बसते.

मग १९७४ साली श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. शेवटी एक बारकं पोरगं जमीनदाराच्या घरावर दगड मारतं, काच फुटते. दगड पहिल्यांदा बरोबर दिशेला गेला. तरी तो जमीनदाराच्या खिडकीवर होता. थेटरातला माणूस म्हणाला, चला, आपलं घर वाचलं.

चाळीस वर्षांनी, १४ फेब्रुवारी २०१४ ला, 'फँड्री' लागला. जब्यानं दगड उचलला आणि थेट पडद्याबाहेर मारला. तो तुमच्या-माझ्या कपाळावर आला. डुक्कर धरताना अख्खा गाव बघत होता, हसत होता, मोबाईलवर फोटो काढत होता. आणि थेटरात आपणही बघतच होतो. म्हणून तो दगड आपल्यालाही लागतो.

हा पिक्चर नगरकरांना परका नाही. त्यातलं गाव अकोळनेर, आपल्या नगरजवळचं. नागराज मंजुळे करमाळ्याकडचा. करमाळा आणि आपलं कर्जत-जामखेड, मध्ये नुसती शीव. तो ह्याच शहरात न्यू आर्ट्स कॉलेजात शिकला, इथंच 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वडाराच्या पोरानं कॅमेरा हातात धरला, तो ह्या मातीत. गावकुसाबाहेरचा माणूस आजवर कॅमेऱ्यासमोर होता, आता मागं गेला. ही साधी गोष्ट नाही.

पण पुढचं ऐका. 'फँड्री' लागल्यावर त्र्याहत्तराव्या दिवशी, २८ एप्रिल २०१४ ला, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपल्यातला सतरा वर्षांचा पोरगा झाडाला लटकलेला सापडला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो ह्या संशयावरून त्याला मारून टांगलं, असा खटला उभा राहिला. साक्षीदार उलटले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं.

पडद्यावरचा जब्या बघून लोक रडले होते. पुरस्कार झाले, परिसंवाद झाले. आणि त्याच जिल्ह्यात, ज्यांनी डोळ्यांनी बघितलं म्हणून नावं लिहून दिली होती, ते कोर्टात म्हणाले, आम्ही काही बघितलं नाही. दोस्तांनो, ह्या देशात बघणारे कमी नाहीत. बघितलेलं सांगणारे कमी आहेत.

म्हणून पिक्चरवरचं भांडण मला पोरखेळ वाटत नाही. रात्री चौघं बसून 'मी हे बघितलं, मला असं वाटलं, आणि मी शब्द फिरवणार नाही' असं म्हणतो, ती साक्षीची तालीम आहे. ज्याला पिक्चरबद्दल चारचौघांत खरं बोलायची सवय नाही, तो पिंजऱ्यात उभा राहून काय बोलणार?

'सैराट'चंही ह्याच कसोटीवर बघा. २९ एप्रिल २०१६ ला लागला, खर्ड्याला दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता. 'झिंगाट'वर थेटरात नाचली पोरं. शेवटी मात्र आवाज बंद, रक्तात पाय भरलेलं लेकरू चालत जातं. त्या शांततेनं नाचणाऱ्यांची दातखीळ बसवली. पण घरी जाताना ओठांवर काय राहिलं? गाणं. पुढं हिंदीवाल्यांनी २०१८ साली त्याचा 'धडक' केला, तेव्हा जातच पातळ करून टाकली. गाणं घेतलं, साक्ष सोडली. म्हणून माझ्या यादीत 'सैराट' दोन नंबर आणि 'फँड्री' एक.

आणि आपल्या एक नंबरलाही सोडायचं नाही. वस्तीतल्या एका बहिणीनं मला विचारलं, जब्याला शालू आवडते, पण शालूला काय वाटतं ते कुणी विचारलं? बाप डुकरं धरायला जातो तो मुलीच्या लग्नासाठी. त्या मुलीचं म्हणणं कुठंय? ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. प्रश्न बरोबर आहे आणि तो यादीशेजारी लिहून ठेवला पाहिजे. आपला माणूस कॅमेऱ्यामागं गेला म्हणून आपण भाट व्हायचं नाही.

तेव्हा करायचं काय? महिन्यातून एक रविवार धरा. वस्तीत, विहारात, जागा मिळेल तिथं एक पिक्चर बघा. झाल्यावर कुणी उठून जायचं नाही. आधी बाया-पोरी बोलतील, मग पोरं, सगळ्यात शेवटी आमच्यासारखे कवी. प्रत्येकानं नंबर द्यायचा आणि का दिला ते सांगायचं. 'मस्त होता' ही साक्ष नव्हे. काय बघितलं ते सांगा. कुणाच्या घरात कॅमेरा गेला, कुणाच्या दारात थांबला, मार कुणी खाल्ला, हसलं कोण, ते सांगा. ते लिहून काढा, शुद्धलेखनाची फिकीर करू नका, आणि ह्या अंकाकडं पाठवा.

तुमची यादी माझ्यासारखी नसली तरी चालेल. भांडू. पण जे बघितलं ते कुणाच्या धाकानं, कुणाच्या पैशानं, कुणाच्या लाजेनं फिरवू नका. आज पिक्चरबद्दल, उद्या गावाबद्दल. जिल्ह्याचं नाव बदललं, पाटी बदलली. पाटीखाली साक्षीदार उलटायचे थांबले, तर म्हणू की जिल्हा बदलला.

जय भीम.