परकी भाषा आणि चिकाटी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणातून)



वर्षावासात पालीचा वर्ग सुरू होतो तेव्हा पहिल्या दिवशी सतरंजी पुरत नाही. आश्विन पौर्णिमा येईतो पुढची एकच ओळ उरते. इंग्रजीच्या क्लासचंही तेच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमच्या डोक्यात शिरतच नाही." आम्हांला वाटते, प्रश्न डोक्याचा नाही, टिकून राहण्याचा आहे.

चिनी भिक्खू फाहियान इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून भारताकडे निघाले, तेव्हा त्यांचे वय साठीच्या आसपास होते. त्यांना विनयाचे ग्रंथ हवे होते. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून ते उत्तर भारतात पोहोचले, तर तिथे विनय तोंडपाठ सांगितला जाई, उतरवून घ्यायला पोथी मिळेना. ते पुढे चालत पाटलीपुत्राला आले. तिथे पोथी मिळाली, पण ती परक्या भाषेत. चिनी भाषेत शब्दाचे रूप बदलत नाही. संस्कृतमध्ये एकाच शब्दाला आठ विभक्ती आणि तीन वचने. या वयात हे कशाला, असे म्हणून ते परतले नाहीत. तीन वर्षे तिथे राहून संस्कृत शिकले, बोलले आणि विनय लिहून घेतला. सोबतीचा एक भिक्खू भारतातच राहिला. फाहियान मात्र ताम्रलिप्तीला दोन वर्षे, सिंहलद्वीपात दोन वर्षे ग्रंथ जमवत राहिले आणि ४१२ मध्ये समुद्रमार्गे मायदेशी पोहोचले. पुढे बुद्धभद्र या भारतीय भिक्खूबरोबर बसून त्यांनी विनयाचे चिनी भाषांतर केले.

आपल्या बाबासाहेबांचे पहा. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. बंद झालेला तो दरवाजा त्यांनी पुढे स्वत:च्या अभ्यासाने उघडला. जर्मन शिकले, पाली शिकले. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला.

चिकाटी म्हणजे रात्र रात्र जागणे नव्हे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा. शब्द विसरायच्या आत पुन्हा भेटला तर तो मुक्कामाला राहतो. आणि शिकाल ते लगेच वापरा. आपण रोज सरणत्तय म्हणतो. त्यातल्या 'बुद्धं'वरचा टिंब म्हणजे द्वितीया विभक्ती. धम्मं, संघं, तिथेही तीच. एवढं कळलं तरी पाठांतराचा अर्थ उलगडू लागतो.

माता-पित्यांना एकच विनंती. घरात मुलगी इंग्रजीत दोन वाक्यं बोलली आणि आपण म्हणालो, "लई मोठी मॅडम झाली!" की तिसरं वाक्य ती बोलत नाही. भाषा कठीण असते म्हणून सुटते त्यापेक्षा लाजेपायी जास्त सुटते. चुकलेलं वाक्य पुरं होऊ द्या, मग सुधारा. आजी-आजोबांनीही नातवंडांशेजारी वही घेऊन बसावं. साठीला बाराखडी गिरवायला लागलेल्या माणसाला पाहून पोरं वर्ग सोडत नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!