तिसरी पाळी आणि तळहातावरची चिमूट

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तिसऱ्या पाळीला कामगाराच्या खिशात तंबाखूची पुडी असते, ती चैनीसाठी नव्हे. पहाटे तीनला डोळा लागू नये म्हणून. यंत्राजवळ विडी पेटवता येत नाही, तेव्हा चुना लावून मळलेली चिमूट ओठाखाली जाते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. आपला प्रश्न धुराचा कमी, तोंडाचा अधिक आहे.

राज्याची २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयात २००४ साली टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे ती पुन्हा आली. मग व्यापाऱ्यांनी पळवाट काढली : एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, मिश्रण गिऱ्हाइकाने करावे! आणि मळलेल्या चिमटीला तर ही बंदी लागूच नव्हती.

घरातील मिश्रीचे काय? तिला व्यसन म्हणण्याचे धाडस किती सुनांना होते? भाजलेली तंबाखूच ती, पण ‘दात घासणे’ या सोज्ज्वळ नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

कर्करोग पुष्कळदा आधी सूचना देतो. गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, साधी भाजीही तिखट लागणे. सुपारीने तोंड आखडते. उभी तीन बोटे आत जात नसतील, तर दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जावे. पाहायला आरसा आणि बॅटरी पुरते. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन मिळते.