हरली तरी हाती काय उरतं?

कुणी रानात असाल, कुणी गोठ्यात, कुणी भाकऱ्या थापत असाल. हातातलं काम थांबवू नका, कान तेवढा इकडे द्या.

आज बोलायचंय ते तुलनेबद्दल. "ती बघ कुठं गेली, आणि आपण कुठं राहिलो," हे जे दिवसभर मनात चालतं त्याबद्दल. आणि त्याला लागूनच स्पर्धेबद्दल. पुष्कळ जणींना वाटतं की हे दोन्ही एकच. आम्ही गटांचं काम करतो, वह्या तपासतो, बैठकीला बसतो. आम्हाला हे दोन वेगळे दिसतात. आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान होतं. नुसतं मनाचं नाही, रोख पैशाचं.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना विचारूनच सांगतोय. त्यांच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न झालं, मोठा मांडव, वाजंत्री, मानपानाच्या साड्या. पुढच्या वर्षी या ताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नव्हतं. साधं करा, म्हणाले. पण ताईंच्या डोक्यात शेजारचा मांडव. गटातून पन्नास हजार घेतले होते, ते पुरेनात. मग आठवड्याला हप्ता घेणाऱ्या दोन कंपन्यांकडून कर्ज काढलं. लग्न थाटात झालं. शेजारीण जेवून गेली, "छान झालं हो," म्हणाली आणि विसरली. तिला कळलंसुद्धा नाही की तिच्याशी कुणाची चढाओढ चालली होती!

पुढं दर मंगळवारी एक हप्ता आणि दर शुक्रवारी दुसरा. ताई बैठकीला येईनाशा झाल्या. बचत थांबली. दोनदा निरोप धाडला, तर घरात असून "नाहीत" असं पोराकडून सांगितलं. शेवटी गटातल्या दोघी म्हाताऱ्या काकू त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या तेव्हा कळलं की शेळ्या विकून झाल्या होत्या आणि गळ्यातलं गहाण पडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणाकडं बघूच नये का? तसं नाही. बघण्या-बघण्यात फरक आहे.

आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर तुम्हाला ठाऊक आहेत. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये त्या तीन हजार मीटर स्टीपलचेस धावल्या. स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची शर्यत, वाटेत आडवे लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा, उडी मारत पळायचं. प्राथमिक फेरीत ललिताताईंच्या पुढे तिघी होत्या. त्यांचा नंबर चौथा. पण वेळ बघा: 9 मिनिटं 19.76 सेकंद. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्लीला त्यांनी 9 मिनिटं 27.09 सेकंदांत राष्ट्रीय विक्रम केला होता. आपली ती वेळ त्यांनी रिओत सात सेकंदांपेक्षा जास्त फरकानं मागे टाकली आणि नवा राष्ट्रीय विक्रम केला. पी. टी. उषा 1984 साली अंतिम शर्यतीत धावल्या होत्या. त्यानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत भारताची बाई पोचली, ती आपल्या दुष्काळी माणची.

अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. पहिली आलेली बहारीनची धावपटू त्यांच्या जवळजवळ 23 सेकंद पुढे होती. नुसती तुलना केली तर काय म्हणाल? दहावा नंबर, पदक नाही. पण ते सात सेकंद कुठून आले याचा विचार करा. आपल्यापेक्षा जोरात पळणाऱ्या बायका शेजारी होत्या, म्हणून आले. एकटीला रानात पळवलं असतं तर आले असते का, आम्हाला शंका आहे. पुढं पळणारीनं ललिताताईंचं काही हिसकावून घेतलं नाही. तिच्यामुळं यांचा वेग वाढला. पदक हुकलं तरी त्या वेळी राष्ट्रीय विक्रम यांच्याच नावावर लागला.

आम्ही गटात हीच कसोटी लावतो. जी हरली तिच्या पदरात काय पडलं? काहीतरी पडत असेल तर ती स्पर्धा चांगली.

दुसरं उदाहरण तर आपल्यातल्या कितीतरी जणींनी हातात टिकाव घेऊन अनुभवलंय. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. 2016 साली ती तीन तालुक्यांत सुरू झाली आणि 2018 साली 75 तालुक्यांत पोचली. 8 एप्रिल ते 22 मे, पंचेचाळीस दिवस, भर उन्हाळ्यात. पहाटे उठून बायका सलग समतल चर खोदायला माळावर. शेजारच्या गावानं किती खोदलं याची रोज चौकशी. त्यांचं जास्त झालं कळलं की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे चार घरं वाढलेली. त्या वर्षी पहिला नंबर आपल्याच माणच्या टाकेवाडीचा आला. बाकी हजारो गावांचा नंबर आला नाही. थोडी रडारड झाली, थोडं रुसणं झालं, ते होणारच. पण जूनमध्ये पाऊस पडला तेव्हा त्यानं नंबर विचारला नाही. ज्यानं चर खोदला त्याच्या चरात पाणी साठलं.

आणि या दोन्ही ठिकाणी आणखी एक गोष्ट होती बघा. काम सगळ्यांना एकच. नियम आधी सांगितलेले. सुरुवात कधी, शेवट कधी, ते ठरलेलं. आणि समोरच्याला माहीत होतं की आपण स्पर्धेत आहोत. शेजारणीच्या मांडवाशी चढाओढ करताना यातलं काय असतं? काहीच नाही. तिची जमीन बागायती, हिची जिरायती. तिचा मुलगा पुण्याला नोकरीला, हिचा अजून शाळेत. सुरुवातीची रेघच वेगळी. आणि शेवटची रेघ तर नाहीच. मांडव झाला की मग फ्रीज, फ्रीज झाला की गच्चीचं बांधकाम. मोबाईलवर लोक स्टेटस ठेवतात त्यात नवी साडी दिसते, हप्त्याची पावती कुणी ठेवत नाही.

आता गटांचं. मागल्या वर्षी आम्ही एका गावातल्या सात गटांची तीन महिन्यांची स्पर्धा लावली. पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि वेळच्या वेळी लिहिलेला हिशेब. प्रत्येक सूत्राला दहा गुण, एकूण पन्नास. वह्या आम्ही तपासायच्या नाहीत, एका गटाच्या वह्या दुसऱ्या गटाच्या सचिवानं तपासायच्या, असं ठरवलं. पहिल्याच महिन्यात भांडणं! "आमचा अर्धा गुण का कापला?" पण त्या निमित्तानं पहिल्यांदाच एका गटाची वही दुसऱ्या गटानं उघडून बघितली. एका गटानं कर्ज घेणारीच्या वैयक्तिक पासबुकातच पुढच्या सगळ्या हप्त्यांच्या तारखा लिहून दिल्या होत्या. ते बघून बाकीच्यांनीही तसं केलं. आम्ही हे दोन वर्षं प्रशिक्षणात सांगत होतो, कुणी ऐकलं नव्हतं.

खरा प्रश्न नंबर काढताना आला. एक गट जुना, चांगल्या घरच्या बायकांचा. सुरुवातीला 44 गुण, शेवटी 47. दुसरा गट रोजंदारीवर जाणाऱ्या बायकांचा. खुरपणी, कांदा काढणी, जिथं काम असेल तिथं. बैठक रात्री नऊला, तीही कुणाच्या तरी अंगणात दिव्याखाली. सुरुवातीला 21 गुण, शेवटी 38. म्हणजे सतरा गुणांची चढ. नियम आधीच सांगितला होता की ज्या गटाची चढ जास्त त्याला पहिला नंबर. तरी 47 वाल्या वहिनी बैठकीतून उठून गेल्या. "आम्ही वर असून खाली कसे?" त्यांचंही अगदी चूक नव्हतं. 44 वरून 47 ला जाणं अवघडच असतं, वर गेल्यावर जागाच थोडी उरते. मग ग्रामसंघात चर्चा होऊन असं ठरलं की यापुढं दोन मान द्यायचे, एक सगळ्यात जास्त गुणांचा, एक सगळ्यात जास्त चढीचा. बक्षीस मात्र लहानच. एक स्टीलचा डबा आणि ग्रामसंघाच्या सभेत खुर्चीवर बसण्याचा मान. पैशाचं बक्षीस मोठं ठेवलं की वह्या खोट्या लिहायची ओढ लागते, हे आमचं स्पष्ट मत आहे.

स्पर्धा म्हटली की सगळी चांगलीच असते असंही समजू नका. आठवडी बाजारात आपले दोन गट शेजारी शेजारी उडदाचे पापड घेऊन बसायचे. एकीनं किलोला 260 सांगितले की दुसरी 240, मग ही 220. शेवटी दोघी 190 ला विकून आल्या. डाळ, पापडखार, तेल, हिंग, पिशवी, गाडीभाडं सगळं धरलं तर मजुरीसुद्धा सुटली नाही. फायदा गिऱ्हाईकाचा, आणि तोही एका दिवसाचा. पुढच्या बाजाराला एका गटानं पापड आणलेच नाहीत. आता दोघींनी बसून ठरवलंय, 240 च्या खाली कुणी जायचं नाही. चढाओढ करायची ती पापड किती पातळ लाटला, तळल्यावर किती फुलला, पिशवीवर तारीख छापली की नाही, यात. एका गटानं मिरी घातलेला पापड काढला, तर दुसऱ्यानं लसणाचा. गिऱ्हाईक दोन्हीकडून घेतं.

घरातल्या पोरांचं दोन वाक्यांत सांगतो. "अमकीच्या मुलीला ऐंशी टक्के, आणि तुला?" हे जेवणाच्या ताटावर बोलू नका. त्याऐवजी मागच्या चाचणीचा पेपर आणि या चाचणीचा पेपर शेजारी शेजारी ठेवून पोरीबरोबर बघा, गणितात कुठं अडतंय ते कळेल. सुनांबद्दलही असंच बोलता येईल, पण त्याला वेगळा दिवस लागेल!

त्या ताईंचं काय झालं, हे तुम्ही विचारालच. दोघी काकूंनी त्यांना हाताला धरून बैठकीत आणलं. कुणी टोमणा मारायचा नाही, असं अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं. तिथंच सगळी कर्जं एका कागदावर मांडली. ज्या कंपनीचं व्याज जास्त होतं ते कर्ज फेडायला गटानं अंतर्गत कर्ज दिलं, शेकडा एक रुपया व्याजानं, महिन्याच्या हप्त्यावर. दुसऱ्या कंपनीचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. गळ्यातलं अजून सुटलेलं नाही. पण ताई आता दर बैठकीला येतात, आणि आपल्या पासबुकात मागच्या महिन्याची बाकी आणि या महिन्याची बाकी एकाखाली एक लिहून ठेवतात. बघायचं तर तेवढंच बघते, म्हणतात.

यंदाची पंचसूत्रीची स्पर्धा दिवाळीनंतर सुरू करतोय, आणि या वेळी शेजारच्या दोन गावांचे गटही येणार आहेत. ज्यांना भाग घ्यायचा आहे त्यांनी आपल्या ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत नाव द्यावं. पहिल्या दिवशी बैठकीची वही, रोखकीर्द आणि सगळ्यांची पासबुकं घेऊन यावं. वही अर्धवट असली तरी तशीच आणा. रात्री जागून भरून आणू नका. सुरुवातीचे गुण कमी पडले तर तुमचीच चढ जास्त दिसेल!