सांडपाण्याचा हिशेब कोण लिहिणार?

(बोईसर येथे विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना तो आपला नव्हे असे वाटले असेल. परदेशी जाऊन व्यवसाय व्यवस्थापन शिकावे, आणि तेही उद्योगधंदे निसर्गाला व माणसाला न मारता कसे चालवावेत ह्या शाखेत शिकावे, हा श्रीमंतांच्या मुलांचा शौक होय, अशी समजूत रूढ आहे. ती समजूत खोटी आहे. इतकेच नव्हे तर ती आपल्या हिताला घातक आहे. हे मी आपणांस पटवून देऊ इच्छितो.

प्रथम आपण राहतो त्या भूमीकडे पाहू. १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र येथून जवळच तारापूर येथे सुरू झाले. पुढे त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण ह्या गावांना आपली जागा सोडावी लागली. शेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने आले. हजारो हातांना काम मिळाले, हे कोणीही नाकारू नये. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांची मोजणी केली, तेव्हा ९३.६९ गुण मिळवून तारापूर प्रदूषणात देशात पहिले आले. पहिला क्रमांक मिळाला तो असा!

ह्या पहिल्या क्रमांकाची किंमत कोणी दिली? कारखान्याच्या वहीत मालाची किंमत असते, मजुरी असते, विजेचे बिल असते. नवापूर, मुरबे, सातपाटी येथील मच्छिमारांच्या रिकाम्या जाळ्याची नोंद त्या वहीत नसते. विहिरीचे पाणी बिघडले म्हणून दूरवरून हंडा आणणाऱ्या बाईच्या वेळेचीही नसते. खर्च झाला आहे, परंतु तो ज्याच्या डोक्यावर पडला त्याला वहीत खाते नाही. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे अर्ज केला. तज्ज्ञांच्या समितीने नुकसानीचे गणित मांडले, आणि २०२२ च्या जानेवारीत न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांवर व सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर भरपाई बसविली. ज्याने प्रदूषण केले त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच आपल्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले होते. रकमेवर अपिले होतात, वाद चालतात. पण मच्छिमारांच्या एका संस्थेने बड्या उद्योगांना हिशेब मागितला, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे माझा मुख्य मुद्दा येतो. त्या गणिताच्या टेबलाभोवती आपले किती लोक बसतात? घाण उपसण्याचे काम शतकानुशतके आपल्या वाट्याला आले. २०१३ साली हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा सुधारित कायदा झाला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्याच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा हुकूम केला, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, ह्याचा अर्थ माणसे मरतच होती. आता तीच घाण शास्त्र झाली आहे, तिचे अहवाल निघतात, तिच्यावर पगारी अधिकारी नेमले जातात. घाण उपसणारा आमचा आणि घाणीचा हिशेब लिहिणारा दुसऱ्याचा, ही वाटणी जुन्याच व्यवस्थेची नवी आवृत्ती आहे. ती आपण मुकाट्याने स्वीकारणार काय?

बाबासाहेबांनी ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्यार्थिदशेतच दिले आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी प्रामुख्याने अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात त्या विद्वानाला राहावयास जागा मिळेना. तरी सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराजांचे व नवल भथेना ह्या मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. मिळविली ती रुपयाच्या प्रश्नावर. ज्याच्या हाती हिशेब त्याच्या हाती राज्य, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे पैसा मागितला.

आता ह्या विद्येचे स्वरूप पाहू. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचे एक लहान शहर आहे. तेथील वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, औषध कारखाना व नगरपालिका यांनी १९७० च्या दशकापासून एकमेकांशी करार केले. एकाची वाया जाणारी वाफ दुसऱ्याने घ्यावी, एकाच्या धुरातून निघालेल्या जिप्समपासून दुसऱ्याने भिंतीचे तक्ते करावेत. हे करार धर्मादाय म्हणून झाले नाहीत. त्यांत दोन्ही पक्षांचा फायदा होता. असे करार कसे बांधावेत, त्यांचा खर्च व नफा कसा मोजावा, हे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या औद्योगिक पर्यावरण अर्थशास्त्राच्या संस्थेत शिकवितात. अमेरिकेतील येल विद्यापीठात व्यवस्थापन व पर्यावरण ह्या दोन पदव्या एकत्र घेता येतात. ही विद्या तारापूरला नको तर कोणाला हवी?

तिला मागणीही आहे. सेबीच्या २०२१ च्या आदेशाप्रमाणे, बाजारमूल्याने देशातील पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, ऊर्जा, कचरा व कामगार यांविषयीचा अहवाल सक्तीचा झाला. युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालावर कार्बनची आकारणी योजिली. १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्याचे बंधन आले आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. म्हणजे बोईसरचे पोलाद युरोपात विकावयाचे तर त्याच्या धुराचाही हिशेब द्यावा लागणार. तो लिहिणारी माणसे पाहिजेत.

पैसा कोठून आणावा? महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या ७५ जागा आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या आहेत. आपले वारली, कोकणा, कातकरी बांधव यांच्यासाठी आदिवासींची निराळी केंद्रीय योजना आहे, आणि तिच्या २० जागांपैकी ३ कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींकरिता राखीव आहेत. जागा अपुऱ्या आहेत. त्या वाढविण्यासाठी लढलेच पाहिजे. केंद्राने २०२२ साली भारतीय समाज व इतिहास यांचा अभ्यास योजनेतून वगळला, त्याचाही निषेध केला पाहिजे. परंतु जी दारे उघडी आहेत त्यांतून आत न जाणे हा निषेध नव्हे.

वकील ह्या नात्याने एक व्यावहारिक सूचना करतो. विद्यापीठाचे पत्र हाती असूनही कागदाअभावी अर्ज अडकतात. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ असे लिहिले गेले. ते अभिमानाने लिहिले, योग्यच केले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले. पण पूर्वजांची जात व १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य दाखविणारा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावनमुन्याची नक्कल आजच शोधा. मुलगी बारावीत असतानाच जात पडताळणी करून घ्या. शिष्यवृत्तीच्या अटी वरचेवर बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, दलालाच्या तोंडी माहितीवर विसंबू नका. शिष्यवृत्ती नसताना राहते घर गहाण टाकून नाव नसलेल्या कॉलेजात मुलाला धाडू नका. ते शिक्षण नव्हे, तो जुगार आहे.

एक आक्षेप मी ऐकतो, आणि तो खरा आहे. हे शिक्षण घेतलेला तरुण कंपनीचा नोकर होईल आणि तिच्या काळ्या पाण्याला अहवालात निळा रंग देईल. असे घडू शकते. परंतु असा अहवाल खोटा आहे हे दाखविण्यासाठीही तीच विद्या लागते. मच्छिमारांच्या बाजूने, कंत्राटी कामगारांच्या बाजूने आकडे वाचणारा कोणी नसेल, तर न्यायालयात आमच्यासारख्या वकिलांचे शब्द पोकळ ठरतात. वाढवण बंदराच्या पायाभरणीचा समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. येत्या काळात ह्या किनाऱ्यावर असे हिशेब पुष्कळ होणार आहेत.

तरुणांनो, परदेशी जा, मन लावून शिका, मिळेल तेथे मानाची नोकरी करा. पण आपल्या शिक्षणाचा खर्च कोणी दिला हे विसरू नका. तुमच्या वहीत नवापूरच्या जाळ्याला आणि गटारात उतरणाऱ्या माणसाला एक खाते उघडा. ज्या दिवशी ते खाते उद्योगाच्या वहीत जाईल, त्या दिवशी तुमचे शिकणे समाजाच्या कारणी लागले असे मी म्हणेन.

जय भीम.